कॅन्कुनला जाताय? दोन दिवस समुद्राकडे पाठ करा

अमेरिकेतल्या मराठी घरांत थँक्सगिव्हिंग किंवा मार्चची सुट्टी जवळ आली की मेक्सिकोतल्या कॅन्कुनचं नाव निघतंच. थेट विमान मिळतं, समुद्र निळाशार असतो, खाणंपिणं हॉटेलच्या पैशांतच येतं. पोरं तरणतलावात, मोठी माणसं छत्रीखाली. मग कुणीतरी म्हणतं, "एवढं आलोय तर ते चिचेन इत्सा तरी बघून येऊ," आणि हॉटेलच्या लॉबीतल्या टेबलावरून एका दिवसाची बस ठरते.

माझं भांडण आहे ते या बसशी. ती सकाळी सातला निघते, तासभर हॉटेलं फिरत माणसं गोळा करते, वाटेत एका भेटवस्तूंच्या दुकानात थांबते, मग सेनोते म्हणजे जमिनीतलं पाण्याचं कुंड, मग बुफे. माया या इथल्या मूळच्या लोकांनी बांधलेल्या पिरॅमिडपाशी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि हाती उरतो दीड तास. घरी येतो तो एक फोटो आणि "गरम फार होतं" ही आठवण. ठिकाणं तीच ठेवा, फक्त क्रम बदला आणि एक रात्र कॅन्कुनबाहेर काढा. त्याची आखणी खाली देतो.

आधी कागदपत्रं, पैसे आणि घड्याळ

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन यांपैकी कुठलाही वैध व्हिसा असेल, तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेच्या ग्रीन कार्डवरही प्रवेश मिळतो. इथे एच-वन-बी वाले गडबडतात. मंजुरीचा कागद म्हणजे व्हिसा नव्हे. पासपोर्टमधला शिक्का संपला असेल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी मेक्सिकोच्या वकिलातीचे नियम वाचा. थेट भारतातून येणाऱ्यांचं विमान बहुधा अमेरिका किंवा युरोपमार्गे असतं, त्यामुळे वाटेतल्या देशाच्या ट्रान्झिट व्हिसाचंही बघून ठेवा.

कॅन्कुन किंताना रो राज्यात आहे. परदेशी पर्यटकांकडून हे राज्य २०२१ पासून 'व्हिसिटॅक्स' नावाचा छोटा कर घेतं. तो सरकारी संकेतस्थळावरच भरा, कारण तसंच दिसणारं पान बनवून जास्त पैसे उकळणारेही आहेत.

रोख पेसो जवळ असलेच पाहिजेत. प्राचीन स्थळांच्या खिडक्या, टोलनाके, सेनोते, रस्त्यावरचे ठेले या सगळीकडे कार्ड चालेलच असं नाही. एटीएम "तुमच्या चलनात रूपांतर करू का?" असं विचारतं, त्याला नाही म्हणा. पैसे निघतातच, आणि बँकेचा दर यंत्राच्या दरापेक्षा बरा पडतो. तिकिटांचे दर दरवर्षी बदलतात म्हणून आकडे देत नाही, पण एक गोष्ट धरून चाला: मोठ्या ठिकाणी पैसे एकदाच देऊन सुटका होत नाही. चिचेन इत्साला केंद्राच्या पुरातत्त्व संस्थेचं तिकीट वेगळं आणि युकातान राज्याचं वेगळं. तुलुमलाही आता पुरातत्त्व क्षेत्र आणि भोवतीचं संरक्षित उद्यान असे वेगवेगळे पैसे मोजावे लागतात.

घड्याळाकडे मात्र नीट लक्ष द्या. किंताना रोने २०१५ मध्ये आपली प्रमाणवेळ बदलली आणि शेजारचं युकातान राज्य जुन्याच वेळेवर राहिलं. म्हणजे कॅन्कुन, तुलुम, कोबा इथे नऊ वाजतात तेव्हा वायादोलिद आणि चिचेन इत्सामध्ये आठच वाजलेले असतात. जाताना एक तास फुकट मिळतो, परतताना तो द्यावा लागतो. परतीच्या विमानाच्या दिवशी युकातानात असाल तर हे विसरून चालणार नाही.

गाडी, बस की रेल्वे?

तिघंचौघं असाल तर गाडी भाड्याने घ्या. रस्ते चांगले आहेत. कॅन्कुन ते चिचेन इत्सा सुमारे २०० किलोमीटर, तुलुम १३० किलोमीटर. ऑनलाइन दिसणारं भाडं हास्यास्पद स्वस्त असतं, कारण तिसऱ्या पक्षाचा सक्तीचा विमा त्यात धरलेला नसतो. तो धरून एकूण रक्कम किती, हे आधीच लेखी घ्या. पेट्रोल भरताना मीटर शून्यावर आहे ना ते बघा. गावाच्या तोंडाशी 'तोपे' म्हणजे गतिरोधक असतात, आणि ते आपल्याकडच्यासारखेच कुठे रंगवलेले तर कुठे गुपचूप.

गाडी नको असेल तर एडीओच्या बसगाड्या उत्तम आहेत. वेळेवर सुटतात, आणि आत एसी इतका असतो की स्वेटर लागतो. किनाऱ्यालगत प्लाया देल कार्मेन आणि तुलुमकडे जायला 'कोलेक्तिवो' म्हणजे वडाप मिळतं. माया रेल्वे डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. वायादोलिद, चिचेन इत्सा, इसामाल, तुलुम या सगळ्यांना स्थानकं आहेत, पण ती बहुतेक गावाबाहेर आहेत. स्थानकावरून पुढे कसं जायचं हे ठरवल्याशिवाय रेल्वेचं तिकीट काढू नका.

पहिली पायरी: हॉटेलच्या रांगेतच अर्धा दिवस

कॅन्कुनला इतिहास नाही असं सर्रास म्हटलं जातं. शहर खरंच नवं आहे. १९७० च्या सुमारास मेक्सिकोच्या सरकारने ठरवून, आखून इथे पर्यटननगरी वसवायला घेतली, आणि किंताना रोला राज्याचा दर्जा मिळाला तो १९७४ मध्ये. पण ज्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर ही हॉटेलं उभी आहेत तिथे मायांची वस्ती होती, आणि तिचे अवशेष हॉटेलांच्या मधोमध आजही आहेत.

कुकुल्कान बुलेवारवर किलोमीटरचे दगड आहेत आणि पत्ते त्यांवरूनच सांगतात. साडेसोळाव्या किलोमीटरच्या आसपास माया संग्रहालय आहे. २०१२ मध्ये उघडलेली ही पांढरी इमारत खांबांवर उचललेली आहे. आर-१ किंवा आर-२ ची शहरबस दारात सोडते. सोमवारी बंद असतं.

संग्रहालय सगळ्यात आधी बघा असा माझा आग्रह आहे, कारण एक गोष्ट इथे शिकलात की पुढच्या सगळ्या दगडांना अर्थ येतो. ती म्हणजे माया अंक. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपल्यासारखी आकृती म्हणजे शून्य. दोन रेघांवर तीन टिंबं आली की तेरा. मोजणी विसाच्या पटीत, खालून वर. शून्याला चिन्ह आणि स्थान देणारी ही पद्धत त्यांनी भारताशी कसलाही संपर्क नसताना उभी केली. मुलांना दहा मिनिटांत जमतं, आणि मग कोबाच्या शिळेवर तीच टिंबं-रेघा शोधायला तीच तुमच्या पुढे धावतात.

तुलुमच्या परिसरातल्या पाण्याखालच्या गुहांमध्ये हिमयुगाच्या अखेरीच्या माणसांचे सांगाडे सापडले आहेत. त्यांची माहिती आणि प्रतिकृती इथे बघायला मिळतात. समुद्राची पातळी खाली होती तेव्हा त्या गुहा कोरड्या होत्या.

त्याच तिकिटात मागच्या झाडीतलं सान मिगेलितो हे अवशेषस्थळ येतं. छोटा पिरॅमिड, घरांचे चौथरे, दाट सावली, आणि पाचदहा माणसं असली तर असली. तिथून थोडं दक्षिणेला एल रेय. तिथे सापडलेल्या एका दगडी मस्तकावरून हे नाव पडलं, एल रेय म्हणजे राजा. हल्ली तिथे राज्य घोरपडींसारख्या इग्वानांचं. प्रत्येक पायरीवर एक पसरलेला असतो. दोन्ही ठिकाणं भव्य नाहीत. व्यापाऱ्यांची आणि कोळ्यांची साधी किनारी गावं होती ती, स्पॅनिश लोक यायच्या आधीच्या तीनचारशे वर्षांतली.

दुसरी पायरी: तुलुम, आठ वाजता

कॅन्कुनहून पहाटे सहाच्या आत निघा. तुलुम आठला उघडतं, आणि साडेनऊनंतर तिथे उभं राहायला जागा नसते. वाटेत गणवेशासारखे शर्ट घातलेले लोक हात करून गाडी थांबवतील आणि "पार्किंग इथेच" म्हणतील. अधिकृत फलक दिसेपर्यंत थांबू नका. वाहनतळापासून बरंच चालायचं असतं, त्यामुळे आजीआजोबा बरोबर असतील तर आतल्या वाहनाची चौकशी आधी करा.

तीन बाजूंना दगडी तट आणि चौथ्या बाजूला कडा व समुद्र. तुलुम भरभराटीला आलं ते साधारण १२०० नंतर. म्हणजे कोबा आणि चिचेन इत्सा यांचे चांगले दिवस सरल्यावर. फोटोंत सगळ्यात जास्त दिसणारं हे ठिकाण वयाने सगळ्यात धाकटं आहे. बांधकाम जवळून बघा: भिंती ओळंब्यात नाहीत, दारं वर निमुळती होत गेलेली आहेत. कारागिरी बेताची, पण जागा अशी निवडली आहे की व्यापारी होड्या थेट खालच्या पुळणीवर लागाव्यात. आतून ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच आणि जेड यायचं, किनाऱ्यावरून मीठ आणि मध जायचा.

भित्तिचित्रांच्या मंदिरात आत सोडत नाहीत. बाहेरूनच त्याच्या कोपऱ्यासमोर उभे राहा. दोन भिंती जिथे मिळतात तिथे चुन्याच्या गिलाव्यात एक मोठा चेहरा कोरलेला आहे, अर्धा या भिंतीवर, अर्धा त्या भिंतीवर. नाक बरोबर कोपऱ्यावर येतं. बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून समुद्राचा फोटो काढत असतात. शेजारच्या मंदिराच्या दारावर डोकं खाली आणि पाय वर असलेला 'उतरता देव' आहे. काही अभ्यासक त्याचा संबंध मधमाशीशी जोडतात. इथल्या माश्या नांगी नसलेल्या असतात आणि माया लोक त्या पोकळ ओंडक्यांत पाळत.

१५१८ मध्ये हुआन दे ग्रिहाल्वाची जहाजं या किनाऱ्यावरून गेली. त्यांतल्या एकाने स्पेनमधल्या सेव्हियाएवढं शहर दिसल्याचं लिहून ठेवलं, आणि ते तुलुमच असावं असं मानतात. त्याच्याही आधी, १५११ मध्ये, फुटलेल्या जहाजातले काही स्पॅनिश इथे किनाऱ्याला लागले होते. त्यांतला गोन्सालो गेरेरो मायांमध्येच राहिला, तिथल्या बाईशी लग्न केलं, अंगावर गोंदून घेतलं, आणि पुढे स्पॅनिशांविरुद्ध लढला. दुसरा, हेरोनिमो दे आगिलार, पुढे मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसचा दुभाष्या झाला.

तिसरी पायरी: कोबा, दुपारच्या झाडीत

तुलुमहून आत ४५ किलोमीटर. दहाच्या आत तुलुम सोडलंत तर साडेअकराला कोबा. ऊन असतं, पण इथे जंगल आहे आणि स्थळ एवढं पसरलेलं की दारातच सायकली भाड्याने मिळतात. सायकल न येणाऱ्यांसाठी पुढे बाक असलेली तीनचाकी आहे, ती चालवणारा माणूस बहुधा माया असतो.

कोबा हे ६०० ते ९०० या काळातलं मोठं राज्य. इथून चहूकडे 'साकबे' म्हणजे चुनखडीचे पांढरे उंच रस्ते निघायचे. त्यांतला एक पश्चिमेला याशुनापर्यंत सुमारे १०० किलोमीटर सरळ जातो. चाकाच्या गाड्या नाहीत, ओझ्याची जनावरं नाहीत, तरी एवढा रस्ता. तुम्ही ज्या वाटेवर सायकल मारता तीही अशाच रस्त्यांपैकी.

नोहोच मुल हा ४२ मीटरचा पिरॅमिड शेवटी येतो. २०२० नंतर चढणं बंद झालं होतं. सध्या काय नियम आहे हे तिकीट काढतानाच विचारून घ्या. मला विचाराल तर खरी गोष्ट छपराखाली उभ्या असलेल्या शिळांत आहे. शिळा क्रमांक १ वर माया कालगणनेतला सृष्टीच्या आरंभाचा दिवस नोंदलेला आहे, आणि त्याच्या आधी तेरा या आकड्याची लांबच लांब रांग आहे. म्हणजे आपल्या युग-कल्पांनाही मागे टाकेल असा काळ. दगड झिजला आहे. कलत्या उन्हात टिंबं-रेघा जास्त दिसतात.

या जंगलातलं एक झाड आपल्या ओळखीचं आहे: चिकू. आपल्या घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण चिकूचं मूळ घर हे. माया मंदिरांच्या दारांवरच्या तुळया चिकूच्या लाकडाच्या असत, कारण ते सहजी कुजत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच झाडाच्या चिकासाठी मजूर महिनोन् महिने जंगलात राहत. खोडावर तिरक्या वळत्या खाचा पाडायच्या, खाली पिशवी बांधायची, जमलेला चीक कढवून त्याच्या वड्या पाडायच्या. अमेरिकेतलं च्युइंग गम त्यापासून बनायचं. कृत्रिम गम आल्यावर धंदा बसला. पोर्तो मोरेलोसच्या वनस्पती उद्यानात या मजुरांच्या तळाची मांडणी करून ठेवली आहे. कॅन्कुनहून तुलुमच्या वाटेवरच ते लागतं.

चौथी पायरी: वायादोलिदला मुक्काम

सगळ्या आखणीचा कणा म्हणजे हा मुक्काम. कोबाहून तासाभराचा रस्ता, वाटेत राज्याची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागे. हातात अख्खी संध्याकाळ येते. हॉटेलं कॅन्कुनच्या मानाने स्वस्त. चौकाजवळचं घ्या, सगळं पायी होतं.

स्पॅनिश लोकांनी १५४५ मध्ये सासी नावाचं माया गाव मोडून त्याच जागी हे शहर वसवलं. मंदिरांचे दगड चर्चला लागले. आधी सान बेर्नार्दिनो दे सिएना या मठात जा, फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी तो १५५२ मध्ये बांधायला घेतला. तिथे जाणारा 'काल्सादा दे लोस फ्रायलेस' हा रंगीत घरांचा रस्ता संध्याकाळी फार छान दिसतो. मठाच्या अंगणात घुमटीखाली विहीर आहे. वाकून बघितलं की कळतं, ही साधी विहीर नव्हे, खाली सेनोते आहे, आणि अख्खा मठच पाण्यावर बांधलेला आहे. त्या पाण्यातून एकोणिसाव्या शतकातल्या बंदुका वर काढल्या गेल्या.

त्या बंदुकांची गोष्ट पर्यटकांना सहसा कुणी सांगत नाही. १८४७ च्या जुलैमध्ये मान्युएल अंतोनियो आय या माया पुढाऱ्याला वायादोलिदमध्ये मृत्युदंड दिला गेला आणि काही दिवसांतच पूर्वेकडची माया गावं उठली. सेसिलियो ची आणि हासिंतो पात हे त्यांचे म्होरके. 'जातियुद्ध' म्हणून ओळखला जाणारा हा उठाव पुढे पन्नासहून जास्त वर्षं चालला. १८५० मध्ये जंगलातल्या एका झाडावरच्या क्रूसातून देव बोलतो अशी श्रद्धा पसरली आणि त्या 'बोलत्या क्रूसा'भोवती बंडखोर मायांनी चान सांता क्रूस ही आपली राजधानी उभी केली. मेक्सिकोच्या लष्कराला ती घ्यायला १९०१ उजाडलं. आज त्या गावाचं नाव फेलिपे कारियो पोर्तो. म्हणजे आज जिथे ऑल-इन्क्लुझिव्ह हॉटेलं आहेत तो मुलूख सव्वाशे वर्षांपूर्वी मेक्सिकोच्याही ताब्यात नव्हता. रस असेल तर एक जास्तीचा दिवस काढून दक्षिणेला तिओसुकोला जा. तिथे या युद्धाचं छोटं संग्रहालय आहे, आणि दर्शनी भाग उडालेलं चर्च. तशाच मोडक्या अवस्थेत तिथे अजून प्रार्थना होते. "माया नाहीसे झाले" हे वाक्य त्यानंतर तोंडातून निघणार नाही. युकातान द्वीपकल्पात आजही लाखो लोक माया बोलतात. वायादोलिदच्या बाजारात नुसतं कान देऊन बघा.

खाण्याचं

शाकाहाऱ्यांची इथे उपासमार होत नाही, पण फसवणूक होते, आणि तीही कुणाचा वाईट हेतू नसताना. "नो कोमो कार्ने" म्हटलं की समोरच्याला तुम्ही गोमांस-डुकराचं मांस खात नाही एवढंच कळतं. कोंबडी आणि हॅम त्यात येत नाहीत. म्हणून "सिन पोयो, सिन हामोन" हेही म्हणा. काळ्या घेवड्याच्या उसळीत बऱ्याचदा डुकराची चरबी असते, तिला 'मान्तेका' म्हणतात. भात कोंबडीच्या रश्शात, 'काल्दो दे पोयो'त, शिजवलेला असू शकतो. दोन्ही विचारा.

निर्धास्त मागवण्यासारखं म्हणजे सिकिल पाक: भाजलेल्या भोपळ्याच्या बिया आणि टोमॅटोची दाट चटणी, मक्याच्या कुरकुरीत तुकड्यांबरोबर. अंडं चालत असेल तर पापादसुलेस घ्या. उकडलेलं अंडं गुंडाळलेल्या मक्याच्या पोळ्या, वर भोपळ्याच्या बियांचा हिरवा रस्सा. मांसाहाऱ्यांनी कोचिनिता पिबिल चुकवू नये. आचिओते नावाच्या लाल बियांच्या वाटणात आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरवून केळीच्या पानात गुंडाळलेलं हे डुकराचं मांस जमिनीतल्या भट्टीत शिजवतात. बाजारात ते सकाळीच मिळतं, दुपारपर्यंत संपतं. रात्री चौकात मार्केसिता खा: कुरकुरीत गुंडाळीत किसलेलं डच चीज आणि गोड सारण. ऐकायला विचित्र, खायला भन्नाट.

टेबलावर ठेवलेली आबानेरो मिरचीची चटणी बघून "आपण कोल्हापूरचे" असं म्हणत चमचा बुडवू नका. काडीच्या टोकावर घेऊन बघा, मग ठरवा.

पाचवी पायरी: चिचेन इत्सा, दार उघडताना

वायादोलिदहून ४५ किलोमीटर. सव्वासातला निघा, आठच्या आधी रांगेत. कॅन्कुनच्या बसगाड्या साडेदहा-अकरापासून येऊ लागतात. तोवर तुमचं मुख्य काम झालेलं असतं.

वाटाड्या दारातच ओळखपत्र असलेला घ्या. दर माणशी न ठरवता अख्ख्या गटाचा ठरवा, आणि किती तास ते आधीच बोलून घ्या. दोन-तीन कुटुंबं मिळून एक घेतला तर परवडतो.

आत गेल्यावर समोरच कुकुल्कान या नागदेवाचा पिरॅमिड, एल कास्तियो. चारही बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, वरची एक मिळून ३६५. दगडात बांधलेलं वर्ष आहे हे. त्याच्या पोटात आणखी जुना पिरॅमिड आहे आणि त्यात जेडचे ठिपके जडवलेलं लाल जॅग्वारचं आसन. ते बघायला सोडत नाहीत. वर चढणंही बरीच वर्षं बंद आहे. उत्तरेच्या पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवा, प्रतिध्वनी पक्ष्याच्या चिरक्या हाकेसारखा येतो. गर्दी झाल्यावर शंभर लोक एकदम टाळ्या वाजवतात आणि काहीच कळत नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी याच पायऱ्यांच्या कडेवर दुपारी उशिरा प्रकाशाचे त्रिकोण उतरतात आणि खालच्या दगडी नागमुखाला मिळतात. तो दिवस म्हणजे जत्रा. पुढच्या-मागच्या दोनतीन दिवसांतही जवळजवळ तसंच दिसतं, तेव्हा जा.

मग चेंडूच्या मोठ्या मैदानाकडे वळा. १६८ मीटर लांब, एवढं मोठं दुसरं मैदान माया मुलखात नाही. भिंतीत उंचावर दगडी कडी आहे, रबराचा जड चेंडू कमरेने मारायचा. लोक कडीचा फोटो काढून पुढे जातात. तुम्ही खालच्या उतरत्या पट्टीवरचं शिल्प बघा. दोन संघ समोरासमोर, मधे चेंडू आणि चेंडूत कवटी. डावीकडच्याच्या हातात कापलेलं डोकं. उजवीकडे गुडघ्यावर बसलेला मस्तकहीन खेळाडू, आणि त्याच्या मानेतून रक्ताच्या धारांऐवजी सहा साप आणि एक फुललेली वेल निघालेली आहे. बळी जिंकणाऱ्याचा जायचा की हरणाऱ्याचा, यावर प्रत्येक वाटाड्याचं मत ठाम असतं आणि प्रत्येकाचं वेगळं असतं. ऐकून घ्या, पुढे चला.

कवट्यांच्या ओळी कोरलेल्या चौथऱ्याजवळून एक साकबे पवित्र सेनोतेकडे जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड थॉम्सन या अमेरिकन वकिलाताधिकाऱ्याने तो उपसला आणि सोनं, जेड, हाडं असं बरंच काही हार्वर्डच्या संग्रहालयाला धाडलं. त्यातलं काही परत आलं, सगळं नाही. इथे कुमारिकांचे बळी देत अशी रंगवलेली गोष्ट ऐकायला मिळेल. या सेनोतेजवळच्या एका भूमिगत टाक्यात १९६७ मध्ये शंभरहून अधिक मुलांची हाडं सापडली होती. त्यांतल्या ६४ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे मुलगे निघाले, आणि त्यांत जुळ्या भावांच्या दोन जोड्या होत्या. माया पुराणकथेतही जुळे भाऊ पाताळात जाऊन चेंडू खेळतात, हे लक्षात घेतलं की हा शोध आणखी बोलतो.

दहापर्यंत एवढं झालं की दक्षिणेकडे चला. वेधशाळा मानलेला गोल 'काराकोल' आणि पर्जन्यदेव चाकच्या लांब नाकाच्या मुखवट्यांनी मढवलेल्या इमारती या बाजूला आहेत. बसवाले इथवर पोचतच नाहीत.

विक्रेते शेकड्यांनी आहेत. जॅग्वारच्या डरकाळीची शिट्टी मुलं मागणारच. घ्या, पण हॉटेलच्या खोलीत वाजवू नका. भरतकामाचे कपडे वायादोलिदमध्ये बघून घेतलेले बरे.

परतताना: सेनोते, किंवा इसामाल

चिचेन इत्सातून अकराला बाहेर पडल्यावर दोन पर्याय. थकला असाल तर सेनोते. युकातानच्या उत्तर भागात जमिनीवर नद्या नाहीत. पाणी चुनखडीतून झिरपून खाली वाहतं आणि छप्पर कोसळतं तिथे हे कुंड उघडं पडतं. आपल्याकडच्या बारवेत उतरावं तशा पायऱ्या उतरून खाली जायचं, आणि पाणी थंडगार. आत जाण्याआधी अंघोळ करावी लागते, सनस्क्रीन चालत नाही. पोहता येत नसेल तरी अडत नाही, लाइफ जॅकेट मिळतं. वायादोलिद शहरातलाच सेनोते सासी वाटेत सोयीचा.

दम असेल तर आणखी पश्चिमेला इसामाल. अख्खं गाव पिवळं, आणि मधोमध माया चौथऱ्यावर बांधलेला सान अंतोनियोचा प्रचंड मठ. दिएगो दे लांदा या पाद्र्याशी तो जोडलेला आहे. याच लांदाने १५६२ मध्ये मानी गावात माया पोथ्यांची होळी केली. आज जगात माया पोथ्या उरल्या आहेत चार. आणि याच लांदाने पुढे मायांबद्दल जे लिहून ठेवलं त्यातल्या अक्षरांच्या यादीवरून १९५२ मध्ये युरी क्नोरोसोव्ह या रशियन संशोधकाला ती लिपी उलगडण्याची किल्ली सापडली. मठाच्या चौकात उभं राहिलं की पलीकडे घरांच्या मागे किनिच काक मो पिरॅमिडचा डोंगर दिसतो. इसामाल केलंत तर मुक्काम मेरिदा शहरात करा. त्याच दिवशी कॅन्कुनला परतायचा हट्ट नको.

अर्धा दिवस उरलाच तर

इस्ला मुहेरेस बेटावर फेरीबोट वीसेक मिनिटांत पोचवते. दक्षिण टोकावर इश्चेल देवीच्या मंदिराचे थोडे अवशेष आहेत. १५१७ मध्ये आलेल्या स्पॅनिशांना बेटावर स्त्रीमूर्ती दिसल्या, म्हणून हे नाव 'बायकांचं बेट'. अवशेषांसाठी नव्हे, कड्यावरच्या वाऱ्यासाठी जा. कॅन्कुनच्या हॉटेलपट्टीत शेवटची संध्याकाळ घालवण्यापेक्षा शहरात पार्के दे लास पालापासला जा. तिथे स्थानिक कुटुंबं पोराबाळांसकट जेवायला आलेली असतात.

केव्हा जावं

डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात बरी, गर्दी आणि दर सगळ्यात वाईट. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. रविवारी पुरातत्त्व स्थळं मेक्सिकन नागरिकांना मोफत असतात, त्यामुळे चिचेन इत्सा आणि तुलुम रविवारी टाळा. ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर युकातानात 'हानाल पिशान' असतो, मृतांना जेवू घालण्याचा सण. त्या दिवसांत वायादोलिदला असाल तर घरोघरी मांडलेली ताटं दिसतील आणि जमिनीत पुरून भाजलेला मक्याचा 'पिब' खायला मिळेल. मुक्काम महिनाभर आधी ठरवा.

वसंतापासून ऑगस्टपर्यंत किनाऱ्यावर सारगासो नावाचं तपकिरी शेवाळ येऊन पडतं, काही दिवशी ढीगच्या ढीग आणि उग्र वास. हॉटेलवाले सकाळी ट्रॅक्टरने उचलतात. वर सांगितलेले दोन दिवस आधीच पक्के करू नका. गाडी घ्या, वायादोलिदची खोली रद्द करता येईल अशी ठेवा, आणि ज्या दिवशी खिडकीतून किनारा तपकिरी दिसेल त्याच्या दुसऱ्याच पहाटे निघा.